तळाशी नाव कोरलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची किटली आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. ही गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत वाचाल की अर्ध्यावर टाकून खेळायला पळाल, याची मला आत्ताच शंका येते आहे. तरी सांगते. माझ्यामुळे एका निर्दोष बाईवर आळ आला, आणि त्या वेळी मीसुद्धा मनातून आळ घेणाऱ्यांच्याच बाजूला होते. ते बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कोणत्या गावच्या, ते मला कुणी सांगितलं नाही. मुद्दामच सांगितलं नसावं. स्टीलचा पत्रा दाबून, वळवून, सांधून मला आकार दिला. मग एका माणसाने फिरत्या चाकावर मला पॉलिश केलं. बाहेरून थोडं केलं आणि आतून फार वेळ केलं. जिथे कुणी बघणार नाही तिथे एवढी मेहनत हा माणूस का घेतोय, असा प्रश्न मला पडला. आतली काही खोट लपवत असणार, असं मी धरून चालले. शेवटी त्याने आतून बोट फिरवलं. बोट कुठे अडकलं नाही, तेव्हा त्याने मान डोलावली आणि मला बाजूच्या ढिगावर ठेवलं.

तिथून ट्रकमधून मी आले ती थेट मुखेडच्या आठवडी बाजारात. भांडेवाल्याच्या ताडपत्रीवर आम्ही बारा किटल्या रांगेत उभ्या होतो. पंचफुलाबाई नावाची एक बाई आली आणि तिने एकेकीला उचलून बोटाने वाजवून पाहिलं. मला उचललं, उन्हाकडे धरलं, आत डोकं घालून कुठे भोक दिसतंय का ते बघितलं. एवढ्यावरही तिचं समाधान झालं नाही. तिने भांडेवाल्याकडून पाणी मागून मला काठोकाठ भरलं आणि माझ्या बुडाखाली कोरडा रुमाल पसरून बराच वेळ बघत उभी राहिली. भांडेवाला कंटाळला. मी मात्र खूश झाले. आपल्यासारखीच संशयी मालकीण मिळतेय, आणखी काय हवं?

रुमाल कोरडा राहिला. मग भांडेवाल्याने नाव घालायचं यंत्र काढलं. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालायची रीतच आहे, तुमच्या घरच्या तांब्या-पातेल्यांवर बघा. त्याने विचारलं, "नाव पोटावर घालू का कडेला?"

"आत घाला. तळाला," पंचफुलाबाई म्हणाली.

"आत कोण वाचनार, बाई?"

"मी वाचीन की. बाहेरचं नाव लोकं घासून टाकतेत. मागली नवी किटली दूध केंद्रावर अशीच बदलून गेली माझी, अन् कुणाची तरी चेपलेली पदरात पडली. आता आतून घाला. बघू कोण काढतंय."

त्याने खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला. यंत्र टर्र टर्र करत चाललं आणि माझ्या गुळगुळीत तळाला बारीक बारीक टोचे मारत गेलं. हजारभर टोच्यांनी मिळून नाव उमटलं, 'पंचफुला नरसिंग सोनकांबळे'. नरसिंग म्हणजे तिचे यजमान, ते ट्रॅक्टर चालवतात. मला थोडं दुखलं, पण अभिमानही वाटला. आता मला कुणी पळवलं तरी माझ्या पोटात पुरावा आहे, असं मी स्वतःला बजावलं.

पंचफुलाबाईचं गाव जळकोट तालुक्यात आहे. दारात दोन म्हशी. सकाळी गावातल्या केंद्रावर दूध घालायचं, आणि केंद्र दिवसातून एकदाच, सकाळचंच उघडायचं. म्हणून संध्याकाळचं दूध माझ्यात भरून, मला ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे. सकाळच्या धारा त्याच दुधात ओतल्या की आम्ही दोघी निघायचो.

केंद्र गुरुपादप्पा चालवतात. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. कपाळाला विभूती, डोळ्याला जाड चष्मा, आणि बोलणं मोजकं. ते प्रत्येक किटलीतलं थोडं दूध काचेच्या नळीत घेतात आणि दिव्यावर उकळतात. दूध चांगलं असलं की उकळून नुसतं वर येतं. आतून आंबायला लागलेलं असलं की नळीतच फुटतं, आणि पांढऱ्या कण्या काचेला चिकटतात. माझ्या दुधाची नळी बघून अप्पा एकदा रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "पंचफुलाबाईच्या दुधाला बघायचं कामच न्हाई."

त्या दिवशी घरी येताना पंचफुलाबाई वाटेत दोनदा थांबली आणि तिने पदराने मला पुसलं. का, ते मला पुढे कळलं. आपल्या मुलीला ती एकदा सांगत होती, "तुझ्या आजीच्या टायमाला आपल्या घरचं दूध हाटेलवाला घेत नव्हता. म्हणायचा, तुमचं येगळं ठेवा. आज सगळ्या गावाच्या दुधात आपलं दूध मिसळतंय. केंद्राच्या यादीत माझं नाव हाय, समीक्षा. ते नाव लई वर्षांनी आलंय."

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. सुरळीत चाललेल्या गोष्टींचा मला जास्तच संशय येतो, आणि या वेळी तो खरा ठरला. वैशाखातल्या एका सकाळी अप्पांच्या नळीत माझं दूध फुटलं.

अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा नवं दूध घेतलं, पुन्हा उकळलं. पुन्हा कण्या. आधीच्याच आठवड्यात आमच्या गावच्या दुधामुळे अख्खा टँकर परत आला होता आणि सगळ्यांचं दूध वाया गेलं होतं. त्यामुळे अप्पांनी नियम केला होता, तिसऱ्यांदा ज्याचं दूध फुटेल त्याचं नाव यादीतून कमी.

"हे पहिलं, पंचफुलाबाई," ते म्हणाले. "ध्यान ठेवा."

मित्रांनो, त्या दिवशी घरी येईपर्यंत मी गावातल्या निम्म्या लोकांवर संशय घेऊन मोकळी झाले होते. म्हशींनी काही भलतं खाल्लं असेल. ओलं पोतं कुणाचं होतं? हौदाच्या पाण्यात कुणी काही टाकलं नसेल ना? झाकण तर नेहमीच माझ्याशी नीट वागत नाही, त्याला एका बाजूने फट आहे. आणि मग मला आठवली शेजारची नीलाबाई.

नीलाबाई म्हणजे पंचफुलाबाईची वीस वर्षांपासूनची शेजारीण. तिचीही एक म्हैस, तिचंही दूध त्याच केंद्रावर. दोघींची वैरण एका गंजीतली आणि पाणी एका हौदातलं. बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती आणि विहाराच्या तयारीसाठी पंचफुलाबाई संध्याकाळी बैठकीला जायची. तेव्हा तिच्या म्हशींच्या धारा नीलाबाई काढायची. दूध फुटलं त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्यात दूध नीलाबाईनेच ओतलं होतं. आणि नीलाबाईचं स्वतःचं दूध? ते फुटलं नव्हतं. वैरण तीच, पाणी तेच, ऊन तेच. मग तिचं का फुटलं नाही?

चार दिवसांनी दुसऱ्यांदा दूध फुटलं. या वेळी धारा पंचफुलाबाईने स्वतः काढल्या होत्या. पण संध्याकाळी नीलाबाई तिच्याकडे विस्तव मागायला आली होती आणि घटकाभर माझ्याशेजारी टेकली होती. संशयाला काय, टेकायला तेवढी जागा पुरते. पंचफुलाबाई केंद्राच्या रांगेतच वळली.

"नीलाबाई, काल तू माझ्या किटलीपाशी कशाला बसलतीस?"

रांगेत पंधरा-वीस माणसं होती. नीलाबाईला आधी कळलंच नाही. ती हसून म्हणाली, "विस्तवाला आलते की गं."

"विस्तव चुलीत असतोय. किटलीपाशी न्हाई. तू हात लावलास की दूध नासून राहिलंय. एकदा झालं, मी गप बसले. आता दुसऱ्यांदा. माझं नाव कमी झालं की तुझं दूध जास्त घेतील, हे कळतंय मला."

नीलाबाईने दूध घातलं, आपली किटली उचलली आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढून निघून गेली. मी तेव्हा मनात म्हटलं, बघा, तोंड लपवून गेली. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. चोर सापडला की जीव हलका होतो ना, तसं.

त्या दिवशी पंचफुलाबाईने मला असं धुतलं की विचारू नका. तिची रीत ठरलेली होती, आधी चुलीवरचं उकळतं पाणी ओतायचं, मग राख आणि नारळाची शेंडी. आता तिने तारेची घासणी आणली आणि विटेचा चुरा घेतला. "कुणी काय टाकलं असंल ते निघून जाऊ दे," असं पुटपुटत ती तासभर घासत होती. माझं आतलं अंग सोलून निघालं. तिची बोटंही सोलली. पण धुऊन झालं तेव्हा मी लखलखत होते, आणि आम्हा दोघींना वाटलं, आता कुणाची हिंमत नाही.

पुढचे तीन दिवस दूध फुटलं नाही. पंचफुलाबाई सगळ्यांना सांगत सुटली, "बघा, नीलाबाई येईनाशी झाली अन् दूध फुटायचं बंद झालं. आता सांगा." आणि लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, मला मान असती तर.

चौथ्या दिवशी समीक्षा नांदेडहून आली. ती तिथे वसतिगृहात राहून शिकते, आणि दुधाची भांडी का बिघडतात हाच तिच्या प्रकल्पाचा विषय होता. तिच्या पिशवीत एक भिंग होतं, काचेच्या नळ्या होत्या आणि गडद निळ्या पाण्याची एक छोटी बाटली होती. ती बाटली बघूनच मी सावध झाले. ही मुलगी कशाला काय घेऊन आली आहे?

आईने तिला सगळी हकिगत सांगितली. समीक्षाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "माय, या तीन दिसांत संध्याकाळचं दूध कुठं होतं?"

"विहारात. खिरीला दिलं की. पावण्यांचा सैपाक होता."

"म्हंजे किटलीत नुसतं सकाळचंच दूध होतं."

"हाव."

"मग मावशी येत न्हाई म्हणून दूध टिकलं, का रात्रीचं दूध नव्हतं म्हणून टिकलं?"

पंचफुलाबाई चिडली. "तू तिची बाजू घेऊन राहिलीस का?"

"मी कुणाचीच बाजू घेत न्हाई. मला सगळ्यांचाच शक हाय. या किटलीचा पण."

माझा! मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यावर संशय घेतला. मला इतका राग आला की झाकण आपटून सांगावंसं वाटलं, मी रोज घासली जाते, मी लखलखते, माझ्या पोटात मालकिणीचं नाव आहे! दुसऱ्यावर संशय घेणं किती सोपं असतं, आणि तो आपल्यावर आला की कसा झोंबतो, ते मला त्या क्षणी कळलं. नीलाबाईला रांगेत कसं झालं असेल, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी माझ्याच रागात होते.

त्या संध्याकाळी समीक्षाने एकाच म्हशीचं दूध दोन ठिकाणी ठेवलं. अर्धं माझ्यात आणि अर्धं लोणच्याच्या काचेच्या बरणीत, बरणी स्वच्छ धुऊन. दोन्हीला ओलं पोतं गुंडाळलं आणि मायलेकी दोन्हींच्या मध्ये चटई टाकून झोपल्या. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. सकाळी समीक्षाने दोन्हीतलं दूध नळीत घेऊन उकळलं.

बरणीतलं दूध चांगलं होतं. माझं फुटलं.

"पण मी हिला घासते गं," पंचफुलाबाई आपली बोटं पुढे करत म्हणाली. "हे बघ माझे हात. हिच्यात घाण राहीलच कशी?"

समीक्षाने बाटलीतलं निळं पाणी माझ्यात ओतलं, मला सगळीकडून फिरवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. मग साध्या पाण्याने पाच-सहा वेळा विसळलं. शेवटचं पाणी अगदी नितळ आलं. मग तिने मला उन्हात धरलं आणि म्हणाली, "आता आत बघ."

पंचफुलाबाईने आत डोकं घातलं. माझ्या कडा, जिथे कुणी कधी ओरखडा काढला नव्हता तिथे, स्वच्छ होत्या. निळा रंग पाण्याबरोबर निघून गेला होता. तारेने घासलं होतं तिथे निळ्या रेघांचं जाळं होतं. आणि तळाशी, गडद निळ्या अक्षरांत, एकही काना-मात्रा न चुकता, लिहिलं होतं, 'पंचफुला नरसिंग सोनकांबळे'.

"हे काय हाय?" तिचा आवाज पार खाली गेला होता.

"हा रंग दुधातल्या प्रथिनांना धरतोय, माय. जिथं प्रथिनं चिकटून बसलेली, तिथंच राहतोय. दूध स्टीलला लागलं की सगळ्यात आधी प्रथिनंच जाऊन चिकटतेत. गुळगुळीत जागी चिकटली तरी पाण्यानं निघतेत. खरबडीत जागी चिकटायला जागाही जास्त, अन् पाण्याची धार खाचेत शिरत न्हाई. परातीला लागलेलं खोबरं एका पाण्यात निघतंय, किसणीतलं निघतंय का?"

"न्हाई."

"मग ह्या टोच्यांतलं कसं निघंल? दोन वर्षांत त्यांचा थर साचला, अन् त्या थरावर जंतू घर करतेत. रात्रभर उकाड्यात ते दूध आंबवतेत. सकाळचं ताजं दूध तेवढ्या येळात आंबत न्हाई, म्हणून ते टिकलं."

"अन् मी उकळतं पाणी ओतते ते?"

"ते आधी ओतलं की प्रथिनं तिथंच शिजून घट्ट होतेत, अंड्यावानी. आधी गार पाण्यानं विसळायचं, मग गरम. अन् तारेची घासणी तर नकोच. जितकी घासलीस तितक्या नव्या खाचा पाडल्यास तू."

आत्ता मला कारखान्यातला तो माणूस कळला. तो काही लपवत नव्हता. कुणी बघणार नाही त्या जागेला तो एवढ्याचसाठी जपत होता. आणि मी त्याच्यावर संशय घेतला होता. माझ्या आयुष्यात जो जो माझ्याशी सरळ वागला, त्याच्यावर मी संशय घेतला, आणि बिघाड माझ्या स्वतःच्या तळाशी होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. दूध संघाचा माणूस येऊन प्रत्येकाचं दूध आपल्यासमोर तपासून घेणार होता आणि त्यावरून नवी यादी होणार होती. पंचफुलाबाईचं दूध दोनदा फुटलेलं. अजून एकदा फुटलं की नाव गेलं.

पंचफुलाबाई म्हणाली, "एक करू. उद्या नुसतं सकाळचंच दूध नेऊ, दुसऱ्या कशात तरी. संध्याकाळचं घरीच ठेवू. ते फुटनार न्हाई. नाव राहील. पुढच्या बाजाराला नवी किटली घेऊ. कुणाला काही सांगायचं कामच न्हाई."

समीक्षाने विचारलं, "अन् मावशी?"

पंचफुलाबाई ओल्या पोत्याची घडी घालू लागली.

"गावाला वाटंल, मावशी येईना म्हणून दूध सुधारलं. जन्मभर तेच वाटंल. तूच शिकवलं मला, आपल्या आजीवर लोकांनी काय काय बोट ठेवलं ते."

बाहेर म्हशीने पाय आपटले. पंचफुलाबाई उठली, तिने मला कडेवर घेतलं आणि ती शेजारच्या अंगणात गेली. नीलाबाई चिंचा फोडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा चिंचेवर दगड मारला.

"नीलाबाई, आत बघ हिच्या."

"मी कशाला बघू? बघितलं तर म्हंशील, नजर लावली. हात लावला तर म्हंशील, नासवलं."

"चूक माझी हाय."

नीलाबाईचा दगड थांबला, पण तिने वर पाहिलं नाही. पंचफुलाबाईने मला तिच्यासमोर तिरकं केलं. निळी अक्षरं उन्हात दिसली. नीलाबाईला फारसं वाचता येत नाही, पण नाव ओळखता येतं.

"तुझंच नाव हाय की हे," ती म्हणाली.

"माझंच हाय. माझ्याच नावात दूध नासत होतं. मी तुझ्या नावानं ओरडले." पंचफुलाबाईने मला खाली ठेवलं. "उद्या तपासणी हाय. संध्याकाळचं न् सकाळचं, दोन्ही दूध घेऊन जायचंय मला, सगळ्यांसमोर. तुझ्याकडं ती दुसरी किटली हाय ना, नाव न घातलेली? एक दिस दे."

नीलाबाईला ते सहज नाकारता आलं असतं. मी तिच्या जागी असते तर नाकारलं असतं, आणि वर चार शब्द सुनावले असते. ती उठली. आत गेली. साधी, गुळगुळीत, बिननावाची किटली घेऊन आली आणि हौदापाशी उभी राहून म्हणाली, "तूच धुऊन घे. माझ्या हातचं धुतलेलं नको तुला."

"तूच धू," पंचफुलाबाई म्हणाली.

नीलाबाईने आधी गार पाण्याने किटली विसळली. तिची रीत पहिल्यापासून तीच होती. मग तिने ती मऊ फडक्याने पुसली आणि पंचफुलाबाईच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी पंचफुलाबाईच्या डोक्यावर नीलाबाईची किटली होती आणि समीक्षाच्या हातात मी, रिकामी. संघाचा माणूस खुर्चीवर बसला होता. अप्पांनी नळीत दूध घेतलं, दिव्यावर धरलं. दूध वर आलं, खाली गेलं. एक कणी नाही. अप्पांनी नळी उजेडात धरून दोनदा बघितली.

"हे बी रात्रीचंच?" त्यांनी विचारलं.

"अर्धं रात्रीचं, अर्धं सकाळचं."

"किटली नवीन दिसून राहिली. नाव न्हाई हिच्यावर. कुणाची?"

पंचफुलाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. रांगेत सगळ्यात मागे नीलाबाई उभी होती. "नीलाबाईची," पंचफुलाबाई मोठ्याने म्हणाली. "त्या दिशी मी इथंच उभी राहून तिच्यावर आळ घेतला. ते खोटं होतं. इथंच सांगते, तिनं काही केलं न्हाई. खोट माझ्या किटलीत होती, अन् माझ्या धुण्यात होती. ज्याला बघायचं त्यानं या."

समीक्षाने मला जमिनीवर ठेवलं. एकेक जण वाकून माझ्या तळाशी बघत होता. मी लाजेने पाणी पाणी होत होते, पण मी सगळ्यांना बघू दिलं. तेवढंच माझ्या हातात होतं. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून आत पाहिलं, मग एकदम आपल्या लिटरच्या मापाकडे बघितलं. ते माप ते रोज वाळूने घासायचे.

"पोरी," ते हळूच समीक्षाला म्हणाले, "तुझ्या बाटलीत रंग उरलाय का जरासा?"

लोक हसले. पंचफुलाबाईचं नाव यादीत राहिलं.

मित्रांनो, निळा रंग लागल्यावर माझ्यात पुन्हा दूध ओतलं गेलं नाही. आता मी फळीवर असते आणि ज्वारीचं बी सांभाळते. कोरड्या बियांना माझ्या खाचांचं काही वाटत नाही. सुरुवातीला फार एकटं वाटायचं. सकाळी दुसऱ्या किटल्या केंद्राकडे निघाल्या की त्यांच्या कड्यांचा आवाज ऐकून जीव कासावीस व्हायचा. आता सवय झाली आहे. तुम्ही मात्र घरातल्या भांड्यांना तारेने आणि विटेने सोलून काढू नका. दुधाचं भांडं आधी गार पाण्याने विसळा, मग गरम पाण्याने धुवा. नाव घालायचं असेल तर बाहेरून घाला. गेलं बदलून तर गेलं.

आणि कुणाचं नाव घेऊन बोट दाखवण्याआधी थोडं थांबा. आपलं भांडं उजेडात धरून आतून नीट बघून घ्या. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. मी रोज फळीवरून जे बघते त्यावरून सांगते. नीलाबाई आता पुन्हा येते. पंचफुलाबाईला काम असलं तर धारा काढून देते, दोघी अंगणात बसून चहासुद्धा पितात. पण पूर्वी ती सरळ गोठ्यात शिरायची. आता ती दाराशी थांबते, हाक मारते, आणि पंचफुलाबाई बाहेर येऊन "ये" म्हणेपर्यंत आत पाऊल टाकत नाही.